वाचकांचे प्रश्न : नगरपरिषदेचा निर्णय आणि आपली हरकत

डिसेंबर 2025 मध्ये राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या रखडलेल्या निवडणुका झाल्या आणि वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती असलेल्या अनेक शहरांना पुन्हा नगराध्यक्ष आणि नगरसेवक मिळाले. प्रशासकाच्या काळात घेतलेले निर्णय मात्र बदललेले नाहीत. त्यांचे परिणाम आता घरोघरी पोहोचू लागले आहेत आणि या सदराकडे आलेल्या पत्रांत त्यांचाच सूर अधिक आहे. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि शहरांची नावे दिलेली नाहीत, कारण यांतील प्रत्येक प्रश्न आपल्याही शहरात असण्याची शक्यता मोठी आहे.

प्रश्न : आमच्या घराला वर्षाकाठी साधारण साडेतीन हजार रुपये मालमत्ता कर येत असे. चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, आकारणीनंतर आलेल्या नोटिशीत तो पाच हजारांच्या पुढे गेला आहे. घराला नवी वीटही लावलेली नाही. आम्ही मोर्चा काढला, निवेदन दिले, नगराध्यक्षांनी ‘बघतो’ असे सांगितले. आता कर भरावा की थांबावे? (एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : थांबू नये, आणि नुसता भरून मोकळेही होऊ नये. प्रथम नोटिशीवरची तारीख पाहा. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार नवी आकारणी यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी मुदत द्यावी लागते, आणि ज्या मालमत्तेचे मूल्य वाढले आहे तिच्या मालकाला वेगळी, विशेष नोटीस पाठवावी लागते. आपल्या हाती आलेला कागद तोच असावा. मुदतीत लेखी हरकत देणाऱ्याला सुनावणी मिळते. मोर्चात पुढे चाललेल्या पण हरकत न दिलेल्या माणसाला ती मिळत नाही, मग त्याची बाजू कितीही न्याय्य असो. ज्यांच्या घराचे मोजमाप खरोखर चुकलेले असते अशी माणसे सगळा जोर निवेदनावर लावतात आणि तोवर मुदत निघून जाते, हे पाहून वाईट वाटते.

कराचा आकडा दोन गोष्टींतून तयार होतो आणि त्या दोन वेगळ्या टेबलांवर ठरतात. पहिली गोष्ट आपल्या मालमत्तेचे करयोग्य मूल्य. घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल याचा अंदाज धरून त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा केले जातात. दुसरी गोष्ट कराचा दर, जो सर्वसाधारण सभा ठरावाने ठरवते. प्रशासकाच्या काळात सभेचा हा अधिकारही प्रशासकच वापरत होते. दर कमी करा अशी मागणी असेल तर मोर्चा, निवेदन, नगरसेवकांची भेट हे सारे उपयोगाचे आहे, कारण तो निर्णय लोकप्रतिनिधींचा आहे. मूल्य मात्र प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी ठरवतात. एखाद्या घराचे मूल्य नगराध्यक्षांना आपल्या शब्दावर कमी करता येत नाही, आणि तसे करता येऊही नये, नाहीतर ओळख असलेल्याचा कर कमी आणि नसलेल्याचा जास्त अशी गत होईल.

मोजमापाने किती फरक पडतो ते पाहू. समजा घर 600 चौरस फुटांचे आहे आणि आकारणीसाठी दरमहा चौरस फुटाला 2 रुपये भाडे धरले आहे. वर्षाचे भाडे 14,400 रुपये होते आणि दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य 12,960 रुपये निघते. सर्वेक्षणाला आलेल्या मुलाने पुढचा उघडा ओटा, जिन्याखालची जागा आणि मागची पत्र्याची मोरी बांधकामात धरून क्षेत्र 760 लिहिले, तर तेच मूल्य 16,416 रुपये होते. म्हणजे दर तोच राहिला, घर तेच राहिले, तरी कर सव्वापटीच्या वर गेला. त्यात भिंतींवर भार असलेले जुने लोडबेअरिंगचे घर सिमेंट-सळईच्या सांगाड्याचे, म्हणजे आर.सी.सी. म्हणून नोंदले गेले, किंवा बाहेरच्या खोलीत दोन मुले शिकवणीला येतात म्हणून ती खोली व्यावसायिक वापरात घातली गेली, तर आपल्या नोटिशीतल्यासारखा आकडा दिसू लागतो. अलीकडे बहुतेक ठिकाणी हे सर्वेक्षण बाहेरच्या संस्थेकडून, ड्रोनचित्रांच्या आधारे करून घेतले जाते. वरून काढलेल्या चित्रात छपराचा आकार दिसतो. छपराखाली खोली आहे की नुसती पडवी, हे जागेवर येऊनच कळते.

म्हणून कर विभागातून आपल्या मालमत्तेचा मोजणी तक्ता मागून घ्या. त्यात मजला, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष, वापर आणि क्षेत्रफळ अशा नोंदी असतात. फीत घेऊन प्रत्येक खोली स्वतः मोजा आणि नोंदींशी ताडून पाहा. हरकतीच्या अर्जात ‘कर अवाजवी वाढला आहे’ एवढेच वाक्य लिहू नका, कारण त्यावर अधिकाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. कोणती नोंद चुकली, बरोबर नोंद काय आणि तिचा पुरावा कोणता, हे लिहा. बांधकाम परवानगीचा नकाशा, जुनी कर पावती आणि ओट्याची व पत्र्याची छायाचित्रे जोडा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. सुनावणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. निकाल मान्य नसेल तर पुढे मालमत्ता कर अपील समितीकडे दाद मागता येते.

आता भरण्याचे. हरकत दिली म्हणून मागणी आपोआप थांबत नाही आणि थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढत जाते. हरकतीच्या निकालापर्यंत जुन्या आकारणीप्रमाणे रक्कम स्वीकारतात का, हे लेखी विचारा. तसे होत नसेल तर ‘हरकत कायम ठेवून भरणा करीत आहे’ असे पत्र जोडून कर भरा.

एक गोष्ट मात्र आपणा सर्वांनाच सांगावीशी वाटते. कर वाढवूच नये, ही मागणी टिकणारी नाही. 1 ऑगस्ट 1999 रोजी नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार गेला. तेव्हापासून कर्मचाऱ्यांच्या पगारासाठीसुद्धा सरकारच्या सहायक अनुदानाकडे पाहावे लागते. पंधराव्या वित्त आयोगाने तर अनुदानासाठी मालमत्ता कराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या प्रमाणात वाढती ठेवण्याची अट घातली. कराड तालुक्यातील मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले आणि वापरेल त्याने तेवढे भरावे असा दर लावला, तेव्हा लोकांनी तो स्वीकारला, कारण मोजमाप त्यांच्या डोळ्यांसमोर होते. नागरिकांचा आग्रह असायला हवा तो नेमका तिथे : मोजमाप खरे असावे आणि पैसा कोठे गेला ते दिसावे.

प्रश्न : शहरातून जाणाऱ्या रस्त्याचे रुंदीकरण होणार आहे. दोन्ही बाजूंच्या जुन्या वडांवर आणि चिंचांवर लाल रंगाने आकडे टाकले आहेत. परवानगी मिळाली आहे का, हे कोणी सांगत नाही. (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सांगली जिल्हा)

उत्तर : खोडावरचे आकडे म्हणजे फक्त मोजणी, ती परवानगी नव्हे. नागरी क्षेत्रातील झाडांसाठी 1975 चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे आणि रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असला तरी झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच. त्याआधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकतींसाठी सात दिवस द्यावे लागतात. हा सात दिवसांचा काळ फार थोडा आहे. नोटीस लहान अक्षरांत, एखाद्या कमी खपाच्या दैनिकात येऊन जाते. म्हणून आपल्या मैत्रिणींपैकी कोणीतरी रोज झाडांजवळून जाताना खोडे पाहून येईल आणि तारखेसह छायाचित्र काढेल, अशी व्यवस्था आजच करा.

2021 मध्ये या अधिनियमात झालेली दुरुस्ती आपल्या कामाची आहे. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले जाते, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आहे. त्यामुळे वय कमी लिहिले गेले की झाडाचे संरक्षणही जाते आणि भरपाईची संख्याही घटते. प्रस्तावात प्रत्येक झाडाचे वय काय नोंदले आहे ते मागवून घ्या आणि आपल्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना सोबत घेऊन बुंध्याचा घेर मोजा. हरकत झाडनिहाय, आकड्यासह लिहा. ‘रस्ता नको’ असे म्हणण्यापेक्षा अमुक क्रमांकाचा वड गटार थोडे आत सरकवून वाचतो, असे नकाशावर दाखवलेत तर प्राधिकरणाला त्याचे उत्तर द्यावे लागेल.

प्रश्न : आमच्या वसाहतीजवळ विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचे आरक्षण आहे. जमीनमालकाने नगरपरिषदेला खरेदीची नोटीस दिली असून आरक्षण उठणार, असे ऐकतो. वसाहतीच्या आतल्या मोकळ्या जागेवरही एका मंडळाने पत्र्याचे शेड घातले आहे. मुलांनी खेळायचे कोठे? (वसाहतीतील रहिवासी, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : आपण एका पत्रात दोन जागांविषयी लिहिले आहे आणि कायद्याच्या दृष्टीने त्या दोन्ही अगदी वेगळ्या आहेत. ज्या जागेची आपल्याला जास्त काळजी वाटते तिच्याबाबत आपला हक्क दुबळा आहे आणि जिच्याविषयी आपण एकच ओळ लिहिली आहे तिच्याबाबत तो भक्कम आहे.

आराखड्यातील मैदानाची जमीन अजून खासगी मालकाची आहे. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची खरी पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. पूर्वी ही मुदत बारा महिन्यांची होती. 2015 च्या दुरुस्तीने ती वाढली. नुसता पत्रव्यवहार किंवा ‘जमीन घ्यावी’ असा ठराव हे संपादनाचे पाऊल ठरत नाही, अशा अर्थाची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात घेतली आहे. मालकावरही अन्याय होतो हे विसरून चालणार नाही : दहा वर्षे त्याला जमीन सहज विकता येत नाही, बांधता येत नाही आणि पैसेही मिळत नाहीत.

तेव्हा मैदान वाचवायचे असेल तर मालकाशी भांडण्यात अर्थ नाही. चोवीस महिन्यांचा हिशेब नगरपरिषदेकडे मागायला हवा. नोटीस कोणत्या तारखेला मिळाली, ती सभेपुढे केव्हा ठेवली, जिल्हाधिकाऱ्यांकडे संपादनाचा प्रस्ताव गेला का, अर्थसंकल्पात किती तरतूद केली, मालकाला रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ केला का, हे सारे माहिती अधिकाराच्या अर्जात विचारा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका, कारण चोवीसपैकी किती महिने उरले आहेत हेच आपल्याला ठाऊक नाही. दोन्ही नगरसेवकांना भेटून पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यायला लावा. नोटीस फायलीत पडून राहते, मुदत संपते आणि मग ‘आमचा नाइलाज झाला’ असे सांगितले जाते, हे इतक्या ठिकाणी घडले आहे की प्रत्येक वेळी तो केवळ विसरभोळेपणा असेल असे मानवत नाही. लहान शहरात एक मैदान गेले की त्या भागात दुसरे होत नाही.

वसाहतीच्या आतल्या मोकळ्या जागेचे तसे नाही. साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे रेखांकन (भूखंड पाडण्याचा नकाशा) मंजूर होताना दहा टक्के जागा रहिवाशांसाठी मोकळी ठेवावी लागते आणि तिचा भार सर्व भूखंडधारकांनी आपापल्या किमतीतून उचललेला असतो. तिला कलम 127 लागू होत नाही. दहा वर्षे झाली, वीस झाली, तरी ती मोकळीच राहायला हवी. मंजूर रेखांकनाची प्रत नगररचना विभागातून घ्या, तिच्यावरील मोकळ्या जागेच्या सीमा जागेवर आखून पाहा आणि शेड त्या सीमेत येत असेल तर अनधिकृत बांधकामाची लेखी तक्रार मुख्याधिकाऱ्यांकडे करा. शेड मंडळाचे असल्याने शेजारच्यांशी संबंध बिघडतील, ही भीती आपल्या पत्रात दिसते. म्हणून तक्रार एकट्याने न करता वसाहतीच्या सोसायटीचा ठराव करून, शक्य तितक्या घरांच्या सह्यांनिशी करा. आणि त्याआधी मंडळाच्या मंडळींना बोलावून रेखांकनाची प्रत त्यांच्यापुढे ठेवा. त्यांचीही मुले त्याच वसाहतीत वाढत आहेत.

प्रश्न : आमचा आठवडी बाजार पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या मध्यभागी भरतो. मागच्या सभेत ‘आयत्या वेळचा विषय’ म्हणून तो बाह्यवळण रस्त्यालगत हलवण्याचा ठराव झाला. आम्हा वृद्धांना तिथवर जाणे अशक्य आहे. भाजी घेऊन येणाऱ्या बायकांनाही कोणी विचारले नाही. ठराव झाल्यावर काही करता येते का? (एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : करता येते, पण आधी ठराव हातात हवा. गावात जे बोलले जाते आणि इतिवृत्तात जे लिहिलेले असते त्यांत पुष्कळदा अंतर असते. ठरावाची प्रत मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज करता येईलच. त्याशिवाय राज्य सरकारच्या 2018 च्या परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. येत्या सोमवारी कोणा तरुण नातेवाइकाला सोबत घेऊन सभेची विषयपत्रिका, इतिवृत्त आणि ठराव असे तिन्ही कागद पाहा. विषयपत्रिकेत हा विषय नव्हता, सूचक आणि अनुमोदक कोण होते, कोणी विरोध नोंदवला का, हे टिपून घ्या.

आयत्या वेळचे विषय ही निकडीसाठी ठेवलेली सोय आहे. नळाची मुख्य वाहिनी फुटली, पुराचे पाणी शिरले, अशा वेळी तिची गरज असते. वर्षानुवर्षे एकाच जागी भरणारा बाजार हलवण्यात निकड कोणती होती, हा प्रश्न नगरसेवकांना समोर बसून विचारायला हवा. नव्या सभागृहांनी ही सवय पहिल्याच वर्षी लावून घेतली तर पुढची चार वर्षे नागरिकांना निर्णय झाल्यावरच कळत राहतील.

बाजाराबाबत आपल्या बाजूने आणखी एक कायदा उभा आहे. 2014 च्या पथविक्रेता अधिनियमानुसार शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते, तिच्यात चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांतील एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. विक्रीच्या जागा ठरवताना पूर्वापार आपोआप भरत आलेल्या बाजारांचा विचार करणे बंधनकारक आहे, आणि विक्रेत्याला जागेवरून हलवण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. आपल्या शहरात ही समिती आहे का, तिने या स्थलांतराची शिफारस केली का, हे विचारताच ठरावाचा पाया किती पक्का आहे ते उघड होईल. भाजीवाल्या बायकांनी स्वतःचा वेगळा अर्ज द्यावा. त्यांचे नुकसान थेट असल्याने त्यांच्या अर्जाचे वजन आपल्या अर्जापेक्षा अधिक आहे.

ठरावाची अंमलबजावणी रोखण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 नुसार एखादा ठराव बेकायदेशीर असेल, किंवा त्याने लोकांना इजा वा त्रास होणार असेल, तर जिल्हाधिकारी तो तहकूब करू शकतात. हा अधिकार ते आपणहून क्वचित वापरतात. कोणीतरी कारणांसह अर्ज द्यावा लागतो. अर्जाला ठरावाची प्रत आणि विषयपत्रिका जोडा. जुन्या बाजारापासून नव्या जागेचे अंतर, तिथे जाणारी बस किंवा सामायिक रिक्षा आहे का, पिण्याचे पाणी, सावली आणि महिलांसाठी स्वच्छतागृह आहे का, हे जागेवर जाऊन पाहून अर्जात लिहा. रस्त्यावरची कोंडी हे स्थलांतराचे कारण दिले असेल तर ती टाळूनही बाहेर भर वाहतुकीच्या रस्त्यालगत बाजार बसवणे अधिक धोक्याचे आहे, हा मुद्दा विसरू नका. अर्जाची एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना द्या, आणि जिल्हाधिकारी कार्यालयातील प्रतीवर आवक क्रमांक घ्या. बाजार प्रत्यक्ष हलवण्याच्या दिवसाआधी हे झाले पाहिजे. नव्या जागेवर ओटे बांधून पैसे खर्च झाल्यावर कोणताही अधिकारी ठराव मागे घ्यायला सहज तयार होत नाही.